महालक्ष्म्यांत बी, दसऱ्याला रोप: घरामागच्या वाडीत टमाटर कसं लावायचं

सगळ्यात आधी वेळेचं सांगते, कारण आपल्या विदर्भात घरचं टमाटर फसते ते बहुतेक करून चुकीच्या वेळेला लावल्यामुळे फसते, आणि माणसाला वाटते आपल्या हातालाच गुण नाही. पहिल्या वर्षी मी पण तेच केलं. संक्रांत झाल्यावर आठवडी बाजारातून रोपं आणली, फेब्रुवारीत लावली, झाडं अशी झकास वाढली की जाणाऱ्या-येणाऱ्या बाया थांबून पाहायच्या, मार्चच्या शेवटी पिवळ्या फुलांनी भरून गेली आणि मग रोज सकाळी खाली फुलांचा सडा. मोजून चार फळं धरली. मला वाटलं खत कमी पडलं, अजून खत टाकलं, पाणी वाढवलं, काहीच फरक नाही.

कारण साधं होतं. टमाटरच्या फुलाला दिवसा २५ ते ३० डिग्री आणि रात्री १५ ते २० डिग्री अशी हवा मानवते. दिवसाचा पारा ३५ च्या वर जायला लागला की फुलातला पराग कामातून जाते आणि फूल देठापासून गळते, मग तुम्ही त्याला दूध पाजा का तूप. आणि आपल्याकडे मार्च संपता संपता पारा चाळिशीला टेकते, मे मधे ४५.

म्हणून हिशेब उलटा धरायचा. फळ धरायची वेळ थंडीत आली पाह्यजे. बी टाकल्यापासून रोप तयार व्हायला २५ ते ३० दिवस लागतात, रोप लावल्यापासून पहिलं टमाटर लाल व्हायला अजून ६५ ते ७५ दिवस. म्हणजे घरात महालक्ष्म्या बसतात त्या आठवड्यात बी टाकायचं, दसऱ्याच्या आसपास रोप जाग्यावर लावायचं, डिसेंबरात पहिला तोडा, संक्रांतीला टोपली भरते आणि मार्चच्या मध्यापर्यंत घरचं टमाटर पुरते. मी तारखा नाही पाहत, सणच पाहते, सण लक्षात राहतात. जूनमधे पण लोक लावतात, पण झडीचा पाऊस, काळी माती आणि करपा म्हणजे पानांवर डाग पाडणारा रोग, हे तिन्ही एकदम सांभाळणं नवीन माणसाला जमत नाही. पहिलं वर्ष हिवाळ्याचंच धरा.

जागा आणि माती

दिवसातून निदान सहा तास ऊन पाह्यजे, आणि सकाळचं ऊन असलं तर सोन्याहून पिवळं. कडुलिंबाच्या नाहीतर आंब्याच्या सावलीत झाड नुसतं उंच वाढते, फळत नाही. न्हाणीचं पाणी जिथं सारखं साचते तिथंही नको. आणि मागच्या दोन-तीन वर्षांत जिथं वांगी, मिरची नाहीतर आलू होते ती जागा सोडा, हे सगळे टमाटरच्याच कुळातले आहेत, एकाचा रोग मातीत राहून दुसऱ्याला लागते. मेथी, पालक, भेंडी, वाल यांच्या जाग्यावर खुशाल लावा.

आपली काळी माती कपाशीला चांगली, पण टमाटरच्या मुळाला तिचा एक त्रास आहे. पाणी पडलं की ती फुगून घट्ट होते, मुळाला हवाच मिळत नाही, आणि वाळली की भेगा पडून बारीक मुळ्या तुटतात. त्यामुळे सपाट जमिनीत खड्डा करून रोप कधीच लावू नका, खड्ड्यात पाणी थांबते. गादीवाफा करा, तीन फूट रुंद आणि वीतभर उंच, लांबी जागा असेल तशी. मातीत कुजलेलं शेणखत भरपूर मिसळा, दहा झाडांना सात-आठ घमेले तरी. कुजलेलं म्हणजे हातात घेतलं तर शेणाचा वास येत नाही, चहापत्तीसारखं भुरभुरीत असते ते. उकिरड्यावरचं वरचं वरचं ओलं शेण आणून टाकलं तर त्याच्यासोबत हुमणी नावाची अळी येते, आणि हुमणी मुळं खाते ते वरून दिसतही नाही, झाड एक दिवस मान टाकते तेव्हा कळते.

अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णा नदीकाठच्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांनी एक करा, विहिरीचं किंवा बोअरचं खारं पाणी टमाटरला देऊ नका, पानांच्या कडा जळतात आणि फळ बारीक राहते. नळाचं प्यायचं पाणी असेल तर तेच द्या, भांडी विसळलेलं बिनसाबणाचं पाणी पण चालते. जमीन फारच खारी असली तर जुन्या टपात नाहीतर प्लास्टिकच्या गोणीत चांगली माती भरून चार झाडं लावा, खाली भोकं पाडायला विसरू नका.

बी कोणतं

कृषी सेवा केंद्रात गेलं की दुकानदार आधी महागाचं हायब्रीड पाकीट पुढं करते. ते वाईट नसते, पण पाकिटात बी फार असते आणि घरी दहा-बारा झाडांच्या वर लागत नाही, पाच माणसांच्या घराला तेवढी पुष्कळ होतात. एका ग्रॅममधे सुमारे ३०० बिया असतात, तेव्हा तीन-चार घरांनी मिळून एक पाकीट घ्या. पुसा रुबी हे जुनं वाण, फळ जरासं चपटं, आंबट, भाजीला आणि चटणीला मस्त, आणि याचं बी आपण घरीच धरून ठेवू शकतो. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं अर्का रक्षक हे हायब्रीड आहे, पानं आकसण्याचा व्हायरस, मर म्हणजे उभं झाड कोमेजवणारा रोग, आणि करपा या तिन्हीला ते दाद देत नाही, त्यामुळे मागच्या वर्षी ज्यांची झाडं रोगानं गेली त्यांनी ते पाहावं. आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात नाहीतर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या बियाणे विक्रीत चौकशी करा, तिथं बी वाजवी भावात मिळते आणि फसवणूक नसते. पाकिटावरची तारीख पाहून घ्या.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी अर्धी झाडं पुसा रुबीची, अर्धी हायब्रीडची. चवीत पुसा रुबीच्या वर मला अजून काही लागलं नाही.

रोप तयार करणं

हे घरीच करा. बाजारच्या रोपाला व्हायरस आधीच लागलेला असला तर लावताना अजिबात कळत नाही, वीस दिवसांनी पानं वर वळून बोकडल्यासारखी होतात आणि मग ते झाड उपटण्याशिवाय गत्यंतर नसते.

जुनं घमेलं घ्या, बुडाला भोकं पाडा. एक भाग माती, एक भाग चाळलेलं शेणखत, एक भाग नदीची वाळू. मिळत असेल तर मूठभर ट्रायकोडर्मा शेणखतात मिसळा, ही मातीतली उपकारी बुरशी आहे, रोप कोलमडवणाऱ्या बुरशीला ती वाढू देत नाही. बोटानं अर्धा इंच खोल रेघा मारा, दोन-दोन बोटांवर एकेक बी टाका, वरून चाळलेली माती भुरभुरा आणि तणस नाहीतर कागद झाका. झारीनं पाणी. मुंग्या बी उचलून नेतात म्हणून घमेल्याभोवती चुलीच्या राखेचं रिंगण करा. पाच ते आठ दिवसांत कोंब दिसतात, दिसले की त्याच दिवशी झाकण काढा, नाहीतर रोपं पिवळी आणि लांबुटकी होतात.

नवीन माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान इथं होते, सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, मग चिमुकली रोपं बुडाशी काळी पडून आडवी होतात. माती वरून वाळलेली दिसल्याशिवाय पाणी देऊ नका.

आणि पांढरी माशी. व्हायरस हीच आणते. आपल्या गावात चारही बाजूनं कपाशी, आणि कपाशीवर पांढरी माशी असतेच, ती उडून वाडीत येते. घमेल्यावर काड्यांची कमान करून जाळी घाला. मच्छरदानी चालत नाही बरं का, मी घातली होती, तिच्या भोकातून ही माशी आरामात आत जाते. नायलॉनची बारीक कीटकजाळी मिळते, नसेल तर मलमलची जुनी ओढणी टाका, कडा मातीत दाबून. हा पंचवीस दिवसांचा पहारा चुकवू नका, कारण लहान रोपाला व्हायरस लागला तर ते कधीच फळत नाही, मोठ्या झाडाला लागला तर निदान काही फळं तरी मिळून जातात.

जाग्यावर लावणं

रोपाला कोंबाची पहिली दोन पानं सोडून चार-पाच खरी पानं आली, वीतभर उंच झालं की ते तयार. आधीचे चार दिवस पाणी कमी करा आणि दिवसा जाळी काढून उन्हाची सवय लावा. लावायचं संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. तासभर आधी घमेल्यात पाणी द्या म्हणजे मुळाला मातीचा गोळा राहते.

दोन झाडांत दीड ते दोन फूट अंतर. लहानपणी झाडं एवढीशी दिसतात म्हणून माणूस जवळ जवळ लावते, नंतर हात घालायला जागा राहत नाही आणि हवा खेळली नाही की करपा येते. खोल लावा, खालची दोन पानं खुडून तेवढी दांडी मातीत जाऊ द्या. टमाटरच्या दांडीला मातीत गेली की मुळ्या फुटतात, वांग्या-मिरचीसारखं नाही हे, त्यामुळे लांबुटकं झालेलं रोप पण आडवं पुरून वाचवता येते. लावल्यावर तीन दिवस प्रत्येक रोपावर पळसाचं पान टोपीसारखं टेकवा, ऑक्टोबरचं ऊन आपल्याकडे लेकराच्या डोक्यावर घेण्यासारखं नसते, रोप तर नाजूकच.

झेंडू पण याच वाफ्याच्या कडेनं लावा, पण त्याचं बी राखीनंतर लगेच टाकायचं, म्हणजे टमाटरच्या दोन-तीन आठवडे आधी. घाटेअळीचा पतंग टमाटरपेक्षा झेंडूच्या फुलावर अंडी घालणं पसंत करते, दोघांना फुलं एकाच वेळी आली तर बरीच अळी झेंडूवरच अडकते. तूर, हरभरा, कपाशी, टमाटर सगळ्यांवर हीच एक अळी, त्यामुळे वाडीच्या कुंपणापलीकडे हरभरा असेल तर झेंडू लावाच.

आधार आणि आच्छादन

सोयाबीन निघते तेव्हाच आपली रोपं लागतात, हा योग फार चांगला आहे, कुटार म्हणजे मळणीतला भुसा फुकट मिळते. रोप आठ-दहा दिवसांत सावरलं की भोवती दोन-तीन बोटं जाड कुटार पसरा, बुडापासून चार बोटं जागा सोडून. काळ्या मातीला भेगा पडत नाहीत, ओल टिकते, तण येत नाही आणि पाण्याचे शिंतोडे मातीतून पानावर उडत नाहीत. मला विचाराल तर या एका कामानं जेवढा फरक पडला तेवढा कोणत्या खतानं नाही पडला. फक्त मधून मधून उचलून उधई म्हणजे वाळवी पाहत जा. आणि ज्या सोयाबीनवर काढणीच्या तोंडावर तणनाशक मारलं असेल त्याचं कुटार घेऊ नका.

आधाराला मागच्या वर्षीच्या तुराट्या म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्या ठेवलेल्या असतील तर तीन-तीन एकत्र बांधून तिकाटणं करा, एकटी तुराटी फळाच्या वजनानं मोडते. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे बांबू आहे, तो सगळ्यात चांगला. पऱ्हाट्या म्हणजे कपाशीच्या काड्या मात्र वापरू नका, त्यांच्या वाळल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी लपून राहते, ती घराजवळ ठेवणं म्हणजे पुढच्या कपाशीला आपणच घोर लावणं. बांधायला जुन्या लुगड्याच्या चिंध्या, आठाच्या आकड्यासारखी सैल गाठ, सुतळीनं आवळली तर दांडी कापते.

पान आणि दांडीच्या बगलेतून जे फुटवे निघतात ते पहिल्या फुलांच्या खालचे तेवढे खुडा. काही लोक सगळेच खुडत जातात, आपल्या उन्हात ते करू नका, पानांची सावली गेली की फळावर उन्हाचे पांढरे चट्टे पडतात.

आणि एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. खर्रा घोटून नाहीतर तंबाखू मळून त्याच हातानं टमाटरला हात लावू नका. तंबाखूत एक व्हायरस राहते, हातावरून झाडावर जाते आणि पानं हिरवी-पिवळी चट्टेपट्टे होतात, औषध नाही त्याला. आमच्या घरी नियमच आहे, वाडीत जायचं तर साबणानं हात धुऊन.

पाणी आणि खत

हिवाळ्यात काळ्या मातीत कुटार टाकलेलं असलं तर पाच-सात दिवसांनी एक पाणी पुरते. बोट दोन पेरं मातीत घाला, खाली ओल लागली तर पाणी नको. सकाळी द्या, बुडाशी द्या, पानावर नाही. दहा दिवस विसरून मग एकदम वाफा भरून टाकला तर दोन गोष्टी होतात, पिकायला आलेली फळं तडकतात, आणि कच्च्या फळाच्या बुडाला काळा चामड्यासारखा डाग पडते. तो डाग रोग नाही, पाणी कमी-जास्त झालं की चुना म्हणजे कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही म्हणून होते. औषध आणायला धावू नका, पाण्याचा नेम धरा, पुढची फळं आपोआप चांगली येतात.

खताला मी जीवामृत देते. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी ते देशभर नेलं, २०१६ साली पद्मश्री मिळाली त्यांना. घरच्यापुरतं प्रमाण असं: १० लिटर पाणी, अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत दोन-तीन दिवस ठेवा, सकाळ-संध्याकाळ काडीनं ढवळा, मग झाडाला अर्धा-अर्धा लिटर बुडाशी, पंधरा दिवसांतून एकदा. युरिया टाकायचा मोह आवरा, झाड काळंभोर हिरवं होते, पानंच पानं, फूल उशिरा आणि अळीला मेजवानी.

फूल लागल्यावर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास आधाराच्या काडीला बोटानं टिचक्या मारा. टमाटरचं फूल आपल्याच परागानं फळते, नुसतं हललं पाह्यजे.

रोग-किडीचं

फवारणीचं थोडं मनापासून सांगते. मी यवतमाळ जिल्ह्यातली आहे. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर गेले, किती घरांत तेव्हा चूल पेटली नाही ते आम्ही पाहिलं आहे. तेच कपाशीचं उरलेलं औषध घरच्या टमाटरवर मारायचं, आणि चार दिवसांनी लेकरानं ते तोडून तसंच खायचं, हे कृपा करून करू नका. दहा-बारा झाडांना हात पुरतात. रोज सकाळी पाच मिनिटं पानं उलटून पाहा, अळी दिसली वेचा, फळाला गोल भोक दिसलं की ते फळ तोडून लांब नेऊन पुरा.

निंबोळी अर्क ठेवा तयार. जून-जुलैमधे कडुलिंबाखाली निंबोळ्या पडतात तेव्हा वेचून, साल काढून, वाळवून ठेवायच्या. एका लिटर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, चिमूटभर साबण घाला, संध्याकाळी पानाच्या खालून-वरून फवारा. आठ-दहा दिवसांनी परत. पांढरी माशी, मावा यांना एवढं पुरते. पिवळा डबा घेऊन त्याला एरंडीचं तेल फासून टांगला तरी माशा चिकटतात.

पंप मात्र तणनाशकाचा नको. आमच्याकडे एका वर्षी तोच पंप नुसता विसळून वापरला, आठ दिवसांत शेंडे पिळल्यासारखे झाले, पानं दोऱ्यासारखी बारीक, मी व्हायरस समजून चांगली सात झाडं उपटली. २,४-डी सारख्या तणनाशकाचा थेंबभर अंश पण टमाटरला सोसत नाही, शेजारच्या वावरातून वाऱ्यानं आला तरी असंच होते. घरासाठी दोनशे रुपयांच्या आतला हातपंप वेगळा घ्या.

खालच्या पानांवर तपकिरी गोल गोल कड्यांचे डाग म्हणजे करपा, ती पानं तोडून जाळा आणि बुडापासून वीतभर दांडी मोकळी ठेवा, आभाळ आलेलं असेल तेव्हा जास्त लक्ष. झाड हिरवंगार असूनच भर दुपारी कोमेजलं आणि सकाळी पण उठलं नाही तर बुडाजवळची दांडी कापून काचेच्या ग्लासातल्या पाण्यात धरा, दुधासारखी धार सुटली तर ती जिवाणूची मर आहे. ते झाड मुळासकट काढा, त्या जाग्यावर निदान तीन वर्षं टमाटर-वांगं-मिरची लावू नका.

तोडा आणि बी

वानरं असलेल्या गावात पूर्ण लाल व्हायची वाट पाहू नका. बुडाला गुलाबी झाक आली की तोडा, घरात टोपलीत कागद टाकून ठेवा, चार-पाच दिवसांत छान पिकते, चवीत फारसा फरक नाही. फ्रिजमधे नको, चव मरते. वानरं नसतील तर झाडावर पिकू द्या, त्या टमाटरचं चुलीवर वांग्यासोबत भाजून केलेलं भरीत खाऊन पाहा एकदा, वरून हिरवी पात आणि कच्चं तेल.

बी धरायचं तर पुसा रुबीसारख्या सरळ वाणाचंच, हायब्रीडच्या बियांतून तसंच झाड येत नाही. सगळ्यात निरोगी झाड आधीच हेरा, त्याला चिंधी बांधा म्हणजे घरातलं कोणी त्यावरची फळं तोडणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या तोड्याचं पूर्ण पिकलेलं फळ चिरून गर वाटीत काढा, दोन दिवस झाकून आंबू द्या, बीवरचा बुळबुळीत पदर सुटते, मग धुवा, तळाला बसलेलं बी ठेवा, तरंगलेलं टाकून द्या. सावलीत ताटलीवर वाळवा, कागदावर नाही, चिकटून बसते. कोरड्या काचेच्या बाटलीत भरून वाणाचं नाव आणि साल लिहून ठेवा, तीन-चार वर्षं चांगलं उगवते. मार्चच्या शेवटी फूल गळायला लागलं की झाडांचा लोभ सोडा, उपटून टाका, आणि तो वाफा भेंडी नाहीतर चवळीला द्या.